आखूड दोरा वर, लांब दोरा बाहेर

सोनपेठ,
१९ जून २०२५

प्रिय बबिता,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस. फोन करता आला असता, पण आमच्या घरात फोन म्हणजे चावडी आहे. मी हॅलो म्हटलं की सासूबाई जवळ सरकून बसतात, तुझे भाऊजी टीव्हीचा आवाज कमी करतात आणि सृष्टी नांदेडहून आलेली असली तर स्वतःच स्पीकर चालू करते. म्हणून मधल्या सुट्टीत चौथीच्या वर्गात बसून लिहिते आहे. उत्तर शाळेच्या पत्त्यावरच पाठव. पोस्टमन दत्तराव माझ्या हातातच देतात.

परवा तुमच्या दवाखान्यात बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला आले होते. तू रजेवर होतीस, हे बरंच झालं. तुझ्यासमोर मला धीट राहता आलं नसतं. डाव्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली आहे. बोराएवढी आहे. सर्जन मॅडम म्हणाल्या की सगळी छाती काढायची गरज नाही, गाठ आणि तिच्याभोवतीचं थोडं मांस काढू आणि पुढे किरणांचा शेक देऊ.

घरी आल्यावर बैठक बसली. सासूबाई म्हणाल्या, "लोखंड लागलं की त्यो रोग अंगभर पसरतोय बग. माज्या नणंदंचं तसंच झालतं. हातच लावू नगंस त्याला." तुझे भाऊजी म्हणाले, "काढायचंच हाय तर समदं काढून टाक एकदाच, मागं कटकट नको." दोघंही असे बोलत होते, जणू माळ्यावरची अडगळ काढायची की राहू द्यायची एवढाच प्रश्न आहे.

मला माझी छाती ठेवायची आहे, बबिता. हे एवढं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. सेहेचाळीस वर्षांच्या बाईने, सृष्टीसारख्या लग्नाला आलेल्या मुलीच्या आईने असं म्हणावं का, ते मला माहीत नाही. पण ती माझी आहे आणि मला ती हवी आहे. हे मी घरात कुणालाही बोललेले नाही.

भीती एकाच गोष्टीची आहे. आमच्या शाळेतल्या कमलबाईंच्या जावेची अशीच गाठ काढली होती. पंधरा दिवसांनी म्हणाले, कडेला थोडं राहिलं, परत या. तिला दुसऱ्यांदा टेबलावर घेतलं. मी एकदा धीर गोळा करीन, दोनदा माझ्याने व्हायचं नाही. मॅडम म्हणत होत्या की आता ऑपरेशन चालू असतानाच काढलेल्या मांसाचा फोटो काढून बघतात आणि तो फोटो आमची बबिता काढते. खरं आहे का हे? आत्या गेल्यावर तू सहा वर्षांची आमच्या घरी आलीस, तेव्हापासून तू मला खोटं सांगितलेलं नाहीस. तू म्हणशील ते मी करीन.

तुझी,
अक्का


परभणी,
२३ जून २०२५

अक्कास,
सविनय जयभीम.

पत्र हातात पडलं तेव्हा मी एक्सरेच्या खोलीत होते. बाहेर अकरा माणसं छातीच्या फोटोसाठी उभी होती आणि मी आत स्टुलावर बसून रडत होते. हरिओम आमच्याकडे शिकायला आहे, त्याला वाटलं मशीन बिघडलं. आता रडून झालं आहे, आता कामाचं बोलते.

मॅडमनी सांगितलं ते खरं आहे. नीट ऐक, तू चौथीला समजावतेस तसं समजावते. मॅडम गाठ काढतात ती तिच्याभोवतीच्या चांगल्या मांसासकट. गाठीच्या चहूबाजूंनी चांगल्या मांसाचा पदर असला पाहिजे. पदर कुठे नसला, गाठ थेट कडेला टेकलेली असली, तर त्याच्या पलीकडे तुझ्या अंगात काहीतरी राहिलं असेल असं समजायचं. हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून मॅडम त्या तुकड्याला दोन दोरे बांधतात. आखूड दोरा वर, लांब दोरा बाहेर. वर म्हणजे गळ्याकडे, बाहेर म्हणजे काखेकडे. शिकाऊ मुलांकडून मी हे पाठच करून घेते. तुकडा डब्यात बंद करून ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, कुसुमबाई जिन्याने खाली आमच्याकडे आणतात, कारण मॅमोग्राफीचं मशीन खालच्या मजल्यावर आहे. दोरा फोटोत दिसत नाही, म्हणून त्याच्या बाजूला आम्ही शिशाची छोटी अक्षरं ठेवतो. ती फोटोत उमटतात. मग मी फोटो वर ओटीत पाठवते. गाठ मधोमध असली तर मॅडम टाके घालतात. एखाद्या कडेला टेकली असली तर तेवढ्याच बाजूने आणखी थोडं मांस काढतात. तू गुंगीतच असतेस. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

म्हणजे कमलबाईंच्या जावेसारखं तुझं होणार नाही. तुझा फोटो मीच काढणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तुला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागणार नाही, हा माझा शब्द समज. भाऊजींना सांग की कटकट आम्ही एकाच दिवसात संपवतो. सासूबाईंना सांग की आमच्याकडे लोखंड स्टीलचं असतं.

आणि अक्का, ठेव. तुला हवी आहे ना, मग ठेव. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

तारीख तीन जुलै, गुरुवार. सकाळी उपाशीपोटी ये.

तुझी,
बबिता


सोनपेठ,
१८ जुलै २०२५

प्रिय बबिता,
सप्रेम जयभीम.

टाके निघाले. हात डोक्यापर्यंत जातो, फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत अजून जात नाही. ऑपरेशननंतर तू वॉर्डात बसून मला डाळिंबाचे दाणे भरवलेस, तेव्हा मॅडम येऊन म्हणाल्या होत्या की एका कडेला शंका होती, तिथून आणखी काढलं, आता फोटोप्रमाणे सगळं निघालं आहे. त्या रात्री मी महिन्यानंतर झोपले.

मंगळवारी लॅबचा रिपोर्ट आला. बाहेरच्या कडेला आजार सापडला आहे. मॅडम म्हणाल्या, परत ऑपरेशन करावं लागेल.

तू त्या दिवशी खोलीत होतीस, पण माझ्याकडे बघत नव्हतीस. तुझ्या शब्दाचं तुला ओझं वाटलं असणार. ते वाटून घेऊ नकोस. मी तुला दोष देत नाही. चार दिवस मी विचार केला आणि माझ्या लक्षात आलं आहे. तू फोटो काढलास तेव्हा तिथे काही नव्हतं. असतं तर तुझ्या फोटोत दिसलं असतं आणि मॅडमनी तेव्हाच काढलं असतं. दहा-बारा दिवसांनी तिथे आजार सापडतो, याचा अर्थ सरळ आहे. तो पसरायला लागला आहे. सासूबाई म्हणत होत्या तेच झालं. म्हातारी नुसती माझ्याकडे बघत बसते आणि उठून भांडी घासते. ते मला जास्त लागतं.

तर मी दुसरं ऑपरेशन करणार नाही. पसरणाऱ्या गोष्टीच्या मागे सुरी घेऊन किती धावायचं? त्यापेक्षा जे हातात आहे ते नीट लावून द्यावं. सेलूच्या माणिकरावांचा मुलगा जिनिंगमध्ये मॅनेजर आहे. ती मंडळी गेल्या वर्षापासून सृष्टीला मागत आहेत. शिक्षण होऊ द्या म्हणून मीच अडवलं होतं. आता अडवत नाही. दिवाळीनंतर लग्न करून टाकू. बी.फार्म.ची दोन वर्षं राहिली आहेत ती राहू देत, तिची आई तरी तिच्या लग्नात असेल.

वर्षावास सुरू झाला आहे. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जाते. सगळ्या बाया माझ्याशी आता हळू आवाजात बोलतात.

तुझी,
अक्का


परभणी,
२२ जुलै २०२५

अक्कास,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. आजार पसरलेला नाही. फोटोमध्ये काही गोष्टी दिसतात, काही दिसत नाहीत. लॅबमध्ये तुकड्याचे पातळ काप करून दुर्बिणीखाली बघतात, त्यामुळे शेवटचा निर्णय त्यांचाच असतो. हे मी आधी सांगायला हवं होतं. बऱ्याच पेशंटच्या बाबतीत दुसरं ऑपरेशन करावं लागतं आणि त्यानंतर ते चांगले राहतात. तरी मॅडमच्या सल्ल्याप्रमाणे लवकरात लवकर तारीख घ्यावी. उशीर करणं योग्य नाही.

सृष्टीच्या बाबतीत घाई करू नये असं मला वाटतं.

तब्येतीची काळजी घे.

बबिता


सोनपेठ,
२७ जुलै २०२५

प्रिय बबिता,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आलं की पंचायत समितीचं परिपत्रक आलं, हेच मला कळेना. "योग्य नाही", "घाई करू नये", "सल्ल्याप्रमाणे". तुझ्या पत्रात नेहमी दोन-चार जणांची नक्कल असते, निदान भाऊजींची तरी टिंगल असते. या पत्रात तू कुठेच नव्हतीस.

मी पंचवीस वर्षं पोरं सांभाळते आहे. पोरगं काही लपवायला लागलं की ते शुद्ध बोलायला लागतं. मला कळलं, बबिता. मॅडमनी तुला खरं सांगितलं आहे आणि ते मला सांगायचा तुला धीर होत नाही. होऊ नये. मीही तुझ्या जागी असते तर तुला सांगितलं नसतं.

सेलूची मंडळी दहा ऑगस्टला, रविवारी, तारीख ठरवायला येतात. सृष्टीला नांदेडहून बोलावून घेतलं. ती दोन दिवस जेवली नाही. काल रात्री तिच्या बापाला म्हणाली, "बाबा, आई मरायलीय म्हणून माझं लग्न करायलेत का तुमी?" तिचे बाबा उठून बाहेर गेले. मी तिला जवळ घेतलं आणि हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

माझ्या साड्या वेगळ्या काढल्या आहेत. मोरपिशी तुला ठेवली आहे. भांडण न करता घे.

तुझी,
अक्का


परभणी,
३१ जुलै २०२५

अक्का,

जयभीम लिहायचीही मला लाज वाटते आहे.

तू मरायला लागलेली नाहीस. मॅडमनी मला असं काहीही सांगितलेलं नाही. आजार पसरलेला नाही, तो तीन जुलैलाही तिथेच होता, बाहेरच्या कडेला, आणि फोटोत दिसतही होता. मी फोटो उलटा घेतला.

त्या दिवशी सव्वाअकराला कुसुमबाई डबा घेऊन आल्या. वर तुझं नाव लिहिलेलं होतं. मी इतरांना बाहेर काढलं, दार लावलं आणि झाकण उघडलं. गाठ कातडीच्या जवळ होती म्हणून मॅडमनी वरची कातडीची पट्टीही काढली होती. आम्ही तुकडा नेहमी कातडी वर ठेवून मशीनवर ठेवतो. आणि त्या पट्टीवर तो डाग होता.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही. राणीसावरगावच्या आपल्या घरात मी चुलीवरचा चहाचा टोप ओढला होता. तू मला ढकललंस आणि तो तुझ्या अंगावर गेला. काखेपासून छातीपर्यंत तू भाजली होतीस. मामा मला मारायला उठले, तर तू त्यांना म्हणालीस, माझाच धक्का लागला. तो डाग अर्धा तुझ्या अंगावर राहिला होता आणि अर्धा माझ्यासमोर स्टीलच्या ताटात होता, दोन दोरे लावलेला.

मला बघवलं नाही. मी तो तुकडा पालथा केला. एवढंच केलं, अक्का. डाग खाली गेला आणि मला श्वास घेता आला. मग मी 'बाहेर'चं अक्षर ठेवलं, डाव्या छातीसाठी रोज जिथे ठेवते तिथे. दोरा बघितलाच नाही. तुकडा पालथा केला की बाहेरची बाजू आत जाते आणि आतली बाहेर, हे मी हरिओमला दहा वेळा समजावलं आहे. फोटोत गाठ एका कडेला टेकलेली होती. माझ्या अक्षराप्रमाणे ती आतली कड होती. मॅडमनी आतल्या बाजूने आणखी मांस काढलं. ते निरोगी होतं. तुझं चांगलं मांस माझ्यामुळे गेलं आणि वाईट तिथेच राहिलं.

लॅबवाले माझी अक्षरं बघत नाहीत, ते दोरे बघतात. म्हणून त्यांचं बरोबर आलं. रिपोर्ट आला त्या सकाळी मॅडम फोटो आणि कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "बबिता, मी दोरे उलटे बांधले की काय गं?" मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. मी म्हणाले, "माहीत नाही, मॅडम." त्यानंतर तू आणि भाऊजी आत आलात.

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे, सांगितलं की घरी बसावं लागेल, असं स्वतःला सांगत होते. पण कारण ते नाही. ते म्हणायला तोंडच उघडत नाही. तुझं अठरा तारखेचं पत्र आलं तेव्हा वाटलं, अक्का मला दोष देत नाही, म्हणजे सुटले. दुसरं ऑपरेशन होईल, आजार निघून जाईल आणि हे माझ्यापाशीच राहील. त्या विचाराने मी ते परिपत्रक लिहिलं. आता तू सृष्टीचं लग्न लावायला निघालीस. माझ्या फोटोवर तुझा इतका विश्वास आहे की त्या विश्वासाने तू मरायला तयार झालीस.

ऑपरेशन कर, अक्का. माझ्यावर थुंक, पण ऑपरेशन कर. सेलूच्या लोकांना येऊ देऊ नकोस.

बबिता


सोनपेठ,
५ ऑगस्ट २०२५

बबिता,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की मी मरणार नाही. वर्गात बसून हसायला लागले आणि मग रडायला लागले. पोरं घाबरली. नागनाथ म्हणाला, "बाई, पानी आणू का?" मी म्हटलं, आण.

दुसऱ्यांदा घरी वाचलं. तेव्हा राग आला. चुकीबद्दल राग नाही. हात कापतात, डोळे फिरतात, माणूस आहे. त्या डागाकडे तुला बघवलं नाही हे मला समजतं. पण अठरा जुलैच्या माझ्या पत्रानंतर तुझ्या समोर सगळं लिहिलेलं होतं. मी लग्न ठरवते आहे, मी ऑपरेशन करत नाही, मी मरते आहे. ते वाचून तू मला चार ओळी लिहिल्यास, त्याही सरकारी. तेव्हापासून पुढचे नऊ दिवस मी मेलेली होते, बबिता. माझ्या पोरीला मी जवळ घेऊन सांगितलं की हो, मी मरते आहे. ते मला आता परत घेता येत नाही. काल तिला म्हटलं की चूक झाली होती, मी बरी होणार आहे, तर ती म्हणाली, "आता तू खरं बोलायलीस का तवा बोललीस, मला कसं कळावं?"

सेलूला निरोप दिला. माणिकराव नाराज झाले. होऊ देत. तुझ्या भाऊजींना एवढंच सांगितलं की मॅडम म्हणतात घाबरायचं कारण नाही.

मॅडमना फोन केला. चौदा ऑगस्टची तारीख दिली आहे. त्या फोनवर म्हणाल्या, "या वेळी दोरे मी दोनदा बघेन, धम्मशीलाबाई." ती बाई अजून स्वतःला दोष देते आहे आणि तू तिच्या खालच्याच मजल्यावर बसली आहेस.

मला सांगून तू मोकळी झालीस. मी तुझी आहे, मला सांगणं सोपं होतं. आता मॅडमना सांग. मी त्यांना काही सांगणार नाही, तक्रार करणार नाही. पण तू सांगितल्याशिवाय मी त्या टेबलावर पडणार नाही. हे धमकी म्हणून घे.

धम्मशीला


परभणी,
११ ऑगस्ट २०२५

अक्कास,

शुक्रवारी सांगितलं. ओपीडी संपल्यावर गेले. उभ्यानेच सांगितलं, चहा, डाग, पालथा तुकडा, "माहीत नाही, मॅडम", सगळं. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "रिपोर्ट आल्यापासून मी प्रत्येक दोरा बांधून तीनदा सोडते आहे. परवा एका बाईला त्यासाठी वीस मिनिटं जास्त भूल दिली."

मग त्यांनी फोटो उघडायला लावला आणि माझ्याकडून बाजू म्हणवून घेतल्या, हरिओमसमोर. त्यालाही कळलं पाहिजे म्हणाल्या. आता नवीन पद्धत सुरू झाली आहे. शिशाची अक्षरं वर ओटीतच, मॅडमच्या हाताने तुकड्यालाच टाक्याने बांधली जातात आणि मग डबा बंद होतो. खाली कुणी काही ठेवायचं नाही. आणि आपल्या माणसाच्या कामाला आपण हात लावायचा नाही, हे त्यांनी लिहून भिंतीवर लावलं. खाली माझं नाव नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

मला मॅमोग्राफीवरून काढलं. आता फक्त छातीचे आणि हाडांचे साधे एक्सरे. करार सप्टेंबरमध्ये संपतो, पुढचं कुणी काही बोलत नाही. कुसुमबाई माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. मधल्या दिवसांत ओटीतल्या लोकांनी त्यांच्यावरही संशय घेतला होता, डबा नेताना हलवला असेल म्हणून. हे मला शुक्रवारीच कळलं.

चौदाला फोटो हरिओम काढेल. मी त्या मजल्यावर नसेन. रजा घेतली आहे. घरी बसून काय करीन माहीत नाही.

बबिता


सोनपेठ,
१ सप्टेंबर २०२५

बबिता,

रिपोर्ट आला. बाहेरच्या बाजूला आजार होता, चार मिलीमीटर. त्याच्या पुढे सगळं चांगलं मांस आहे. कडा मोकळ्या आहेत. मॅडमनी कागद माझ्या हातात देऊन बोट ठेवून वाचायला लावलं. मी शिक्षिका असून अक्षरं जुळवत वाचलं.

हरिओमने म्हणे फोटोला पाऊण तास लावला. मॅडम वरून ओरडत होत्या आणि तो खालून म्हणत होता, "थांबा मॅडम, मी अजून बघायलोय." हे मला भूलवाल्या डॉक्टरांनी सांगितलं.

छाती राहिली आहे. पण पहिल्यासारखी नाही. दोन्ही बाजूंनी मांस गेल्यामुळे खोल गेली आहे, आणि आरशासमोर उभी राहिले की मला आधी आतल्या बाजूचाच खड्डा दिसतो, जो पडायचं काही कारण नव्हतं. तरी ती आहे. हवी होती आणि आहे. तू पत्र लिहिलं नसतंस तर आज मी औषधाविना घरात बसले असते आणि सृष्टी सेलूला लुगडी मोजत असती. हेही मला कळतं. दोन्ही एकाच वेळी कळतं, त्यामुळे तुझ्याविषयी मला काय वाटतं ते मला अजून सांगता येत नाही.

सृष्टी नांदेडला परत गेली. रोज रात्री फोन करते आणि मी खरं बोलते की नाही हे ताडून बघायला तोच प्रश्न तिच्या बाबांनाही विचारते. होईल कमी हळूहळू. घरात मी तुझी गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "ती बबी कशी गं येईना झाली? तिला लय जीव हाय तुजा."

आता कामाचं. जखमेचं काखेकडचं टोक उघडलं आहे. बोटभर. पाणी येतं. मॅडम म्हणाल्या, भिण्यासारखं नाही, पण महिनाभर रोज पट्टी बदलायची, आत भरायची आणि रंग बघायचा. लाल झाली, वास आला तर लगेच कळवायचं. ती भरल्याशिवाय किरणांचा शेक सुरू करता येत नाही. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई एक दिवसाआड येतात. मधल्या दिवशी तुझे भाऊजी करतात. ते माझ्याकडे पाठ करतात, हात मागे घालून चाचपत पट्टी ओढतात आणि औषध गादीवर सांडतात. सासूबाईंना दिसत नाही. मला मान वळवून तिथवर बघता येत नाही. कुणीतरी बघणारं हवं आहे.

तू ये. एक महिना राहा. माफी मागायची नाही, रडायचं नाही, जुनं काही काढायचं नाही. मी केलं का माफ, असं विचारायचं नाही, मला माहीत नाही. पट्टी काढायची, जखम उजेडात नीट बघायची, काय दिसतं ते मला जसंच्या तसं सांगायचं, आणि नवी पट्टी लावायची. तो डाग जिथे संपतो तिथेच ती उघडली आहे, आधीच सांगून ठेवते.

सकाळी आठ वाजता पट्टी बदलतो. बघवणार नसेल तर येऊ नकोस.

अक्का